दस्तगीर चाचांची सकाळ

दस्तगीर चाचा घोरायला लागले तेव्हा सकाळचे आठ वाजून पन्नास मिनिटं झाली होती. वेळ नेमकी आठवते, कारण त्या दिवशी मी सगळ्यांच्याच वेळा लिहून ठेवत होते. तीन नंबरच्या खुर्चीत ते मान मागे टाकून पडले होते. तोंड उघडं, हाताच्या शिरेत सुई, वरच्या बाटलीतून औषध थेंबाथेंबानं उतरतंय. भुवयांवर मैदा तसाच होता. पायाशी फडक्यात बांधलेले पाव होते, भट्टीतून थेट आणलेले. औषधांच्या वासाच्या त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच सगळ्यांना एकदम भूक लागली होती.

"बघा मॅडम, तुमची सकाळची वेळ कशी लागू पडली," कुरणे सिस्टर म्हणाल्या. "सुई टोचली न टोचली तोच पेशंट गाढ."

सिस्टर एरवी मला ऋजुता म्हणायच्या. 'मॅडम' म्हणजे टोमणा. पण त्या सकाळी मला कसलेच टोमणे लागणार नव्हते. मी चोवीस वर्षांची होते, संख्याशास्त्रात एमएस्सी करून मिरजेतल्या त्या रुग्णालयात नोंदी तपासायच्या कामावर लागून सात महिने झाले होते आणि माझं स्वतःचं पहिलं वेळापत्रक त्या दिवशी सुरू झालं होतं.

त्या हॉलमध्ये कॅन्सरचे पेशंट सकाळी येत, औषध घेत आणि संध्याकाळी घरी जात. खुर्च्या नऊ. केमोच्या बाटल्या पाच-सहा तास चालायच्या, म्हणून त्या सकाळी लावायच्या. इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींना कॅन्सरवर सोडणारं औषध, तासाभरात संपायचं. म्हणून ते दिवसाच्या शेवटी, साडेचारला. ट्रंक भरताना मोठी भांडी आधी रचावीत आणि वाट्या फटीत बसवाव्यात, तसं. यात कुणाचं काही चुकत नव्हतं.

मग माझ्या वाचनात काही लेख आले. परदेशातल्या काही रुग्णालयांनी जुन्या नोंदी चाळल्या होत्या. हे औषध बहुतेक वेळा संध्याकाळकडे मिळालेल्यांपेक्षा दिवसाच्या पहिल्या भागात मिळालेले पेशंट सरासरीनं जास्त जगले होते. जुन्या नोंदी फसव्या असतात. लांबून येणारे, जास्त थकलेले लोकच उशिरा पोचत असतील. पण नंतर एके ठिकाणी कुणाला कोणती वेळ हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून पाहिलं, तरी कल तोच दिसला. पांढऱ्या पेशी म्हणे घड्याळ पाळतात. ठरावीक वेळी रक्तात फिरतात, ठरावीक वेळी आत शिरतात.

आमचे मोठे डॉक्टर आवटी यांनी ते लेख दोन दिवस ठेवून घेतले. "पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. "सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. पण सकाळी दिल्यानं तोटाही दिसत नाही. कुरणे सिस्टरना विचार. हॉल त्यांचा आहे."

सिस्टरना विचारलं.

"लांब बाटली अकराला लावली तर आवरून सुटणार किती वाजता? सहाला. माझ्या मुली घरी जाऊन भाकऱ्या कधी थापणार? तू येणार थापायला?"

मी त्यांच्याच रजिस्टरमधून काढलेला कागद पुढे केला. "सिस्टर, साडेआठची लांब बाटली गेल्या तीन महिन्यांत एकदाही साडेनऊच्या आधी लागलेली नाही. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत खुर्ची रिकामीच असते. छोट्या बाटल्यांच्या पेशंटचं रक्त आदल्या दिवशी तपासून घेतलं, तर त्या तासात त्या संपतात."

सिस्टरनी कागद बराच वेळ पाहिला. "म्हणजे माझी चोरी पकडलीस."

"तुमची नाही. रिपोर्टची."

दोन आठवडे मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी त्या हो म्हणाल्या. इम्युनोथेरपीचे पेशंट सात होते. सहा जण खूश झाले, दुपारपर्यंत घरी पोचता येणार म्हणून. सातवे दस्तगीर चाचा. त्यांना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "साडेआठला? बेटी, तवा तर…" आणि थांबले. मग म्हणाले, "बरं. तू म्हंतीस तर येतो."

त्या 'तवा तर'च्या पुढे काय होतं, हे मी विचारलं नाही. माझ्या तक्त्यात तेवढा एकच चौकोन भरायचा राहिला होता.

चाचांच्या फुफ्फुसात गाठी होत्या. औषधाचे दोन डोस झाले होते आणि गाठी वाढल्या नव्हत्या, घटल्याही नव्हत्या. आवटी सरांनी त्यांना सरळ सांगितलं होतं: चौथ्या डोसनंतर फोटो काढू. तेव्हाही गाठी हलल्या नाहीत, तर याच्यापेक्षा चांगलं औषध माझ्याकडे नाही. तो घोरण्याचा दिवस तिसऱ्या डोसचा होता.

साडेनऊला सुई निघाली आणि ते दचकून उठले. फडकं सोडून सगळ्यांना पाव वाटले. "खावा, खावा. गरम हाय तवर." सिस्टरनी दोन खाल्ले. मी वहीत लिहिलं: एकूण वेळ पन्नास मिनिटं. अडचण नाही.

नवव्या दिवशी त्यांच्या बायकोचा, जैबुन चाचींचा फोन आला. "ते न्हाई येणार म्हणतात पुढच्या टायमाला."

"त्रास होतोय का औषधाचा?"

"औषधाचा न्हाई गं. झोपेचा. त्या दिवशी घरी आले अकराला, डोळ्याला डोळा न्हाई लागला. भट्टीवर उभे ऱ्हायले तर घेरी. अख्खा घाणा जळाला पावाचा. आमचं लगीन झाल्यापास्नं कधी जळाला नव्हता. चार दिवस नुसते बसून होते. म्हणतात, भट्टी सोडून जगायचं, तर जगून दिवसभर करू काय?"

मी आवटी सरांकडे गेले. वाटलं होतं ते स्वतः फोन करतील.

"तू जा," ते म्हणाले. "वेळापत्रक तुझं आहे."

रविवारी दुपारी दीडच्या सुमारास मी त्यांच्या गल्लीत शिरले. गावाचा जुना भाग. सतारी बनवणाऱ्यांची दुकानं, दारात वाळत ठेवलेले मोठाले भोपळे. गल्लीत माणसं पुष्कळ होती, पण कुठूनच आवाज येत नव्हता. पोरं क्रिकेट खेळत होती. एकाचा त्रिफळा उडाला, तर बॉलरनं नुसतं बोट वर केलं. बॅट्समननं मान हलवून वाद घातला. बाकीच्यांनी हातवारे करून त्याला हाकललं. सगळं मुक्यानं.

मी मोठ्यानं विचारलं, "दस्तगीर चाचांचं घर कुठलं?"

पोरांनी एकदम बोटं ओठांवर ठेवली. शेजारच्या दुकानातले सतारवाले लगबगीनं उठून बाहेर आले. त्यांच्या हातात पॉलिश पेपर होता.

"हेच घर," ते कुजबुजले. "पण झोपलेत. बसा. दोनला उठतील."

"मी हॉस्पिटलमधून आले आहे. जरा महत्त्वाचं…"

"असू दे की. इथं दोनपर्यंत रात्र असती." त्यांनी मला स्टूल दिलं. "मी गौस. दोनच्या आत मी तार लावत न्हाई, हातोडी मारत न्हाई. नुसतं घासकाम. माझ्या बापानंबी हेच पाळलं. आमच्या गल्लीला पहाटे पाचला गरम पाव मिळतो, मॅडम. मग ज्यानं रात्रभर भाजला, त्याला दिवसा झोपू नको का द्यायला?"

वर माडीच्या खिडकीला जाड ताडपत्री ठोकलेली होती. मी पाहत बसले. गौसभाई भोपळा घासत होते. दोनला एक मिनिट कमी असताना त्यांनी कागद खाली ठेवला, भिंतीवरची सतार काढली, मांडीवर घेतली, घड्याळाकडे पाहिलं आणि एक तार छेडली.

त्या एका स्वरावर गल्ली फुटली. पोरं किंचाळली, "औट! औट! मघाच्यालाच औट!" कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी स्कूटरला किक मारली. ताडपत्री बाजूला झाली, खिडकी उघडली आणि जैबुन चाचींनी वाकून पाहिलं. "या, वर या. सकाळ झाली त्यांची."

चाचा मागच्या अंगणात दंतमंजन लावून चूळ भरत होते. मी दारातच थांबले. हॉस्पिटलात घोरत पडलेला तो माणूस हा नव्हताच. पाठ ताठ, डोळे स्वच्छ, गालावर हसू.

"अरे बेटी!" ते म्हणाले. "एवढ्या सकाळी?"

ते थट्टा करत नव्हते. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून आठ मिनिटं.

"चाचा, किती वर्षं रात्री काम करताय?"

"बाप गेला तवा एकोणीसचा होतो. आता साठ. एक्केचाळीस झाली."

"आणि सुट्टीच्या दिवशी? तेव्हा तरी रात्री झोपता ना?"

"सुट्टी कसली? ईदला भट्टी बंद. पर झोप येत न्हाई रात्री. गच्चीवर बसतो, चांदण्या बघत. उजाडलं की डोळा लागतो."

"ईदच्या नमाजाला मी ढकलून धाडते," चाची चहा ओतत म्हणाल्या. "शीरखुर्मा खायलाबी थांबत न्हाई हा माणूस, येऊन झोपतो."

चहा हातात धरून मी मनात गणित करत होते. सहाला उठणाऱ्या माणसाला साडेआठला औषध दिलं, तर उठल्यापासून अडीच तास. दोनला उठणाऱ्या माणसाला साडेचारला दिलं, तर तेच अडीच तास. अगदी तेच. कुरणे सिस्टरनी केवळ खुर्ची रिकामी मिळते म्हणून दिलेली वेळ चाचांच्या भल्या सकाळची होती. मी तिथून त्यांना ओढून थेट झोपायच्या वेळेला नेऊन बसवलं होतं, आणि वर वहीत लिहिलं होतं, अडचण नाही.

पण रात्रपाळी करणाऱ्या बऱ्याच माणसांचं शरीर वर्षानुवर्षं दिवसाचंच घड्याळ धरून राहतं, हेही मी वाचलं होतं. नुसत्या चहावर सिद्ध होण्यातलं हे नव्हतं. चाचांना ताप आहे का बघायला आणलेला थर्मामीटर मी पर्समधून काढला.

"शरीराचं तापमान दिवसभर थोडं चढतं, झोपेत उतरतं," मी चाचींना सांगितलं. "दर चार तासांनी मोजून लिहाल? आठ दिवस. झोपेतसुद्धा."

"झोपेत?" चाचींनी कपाळावर हात मारला. "एक्केचाळीस वर्षं अख्ख्या गल्लीला मी गप केली या माणसाच्या झोपेसाठी, आन् आता मीच काखेत नळी घालू?"

"घाल की," चाचा म्हणाले. "एवढी कसली लाजतीस? नवरा हाय तुझा."

आठ दिवसांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहिलेले अठ्ठेचाळीस आकडे माझ्या हातात आले. चाची उर्दू शाळेत शिकलेल्या, म्हणून आकडे उर्दूत. त्यांनी वाचून दाखवले, मी लिहून घेतले. रात्री दोनला अठ्ठ्याण्णव आणि आठ-नऊ दशांश. सकाळी दहाला रोज तळ: सत्त्याण्णव आणि एक-दोन दशांश. त्या आठवड्यात मी स्वतःचंही तापमान मोजलं होतं. दोन्ही रेघा एका कागदावर काढल्या. त्यांचा डोंगर जिथं होता, तिथं माझी दरी होती.

आवटी सरांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. "भट्टीवाल्यांवर कुणी अभ्यास केलाय?"

"नाही सर. खूप शोधलं."

"मग आपल्याला काय माहीत आहे?"

"त्यांची सकाळ दुपारी दोनला होते, एवढंच. औषधाला त्यानं फरक पडतो का, माहीत नाही. पण साडेचारला झोप मोडत नाही आणि ते यायला तयार आहेत."

"तेवढं मला पुरे आहे," सर म्हणाले. "आता सिस्टरना सांग. मला तिथं यायचंय. बघायचंय."

सर खरोखरच आले आणि दाराला टेकून उभे राहिले.

"म्हणजे साडेचार," कुरणे सिस्टर म्हणाल्या.

"साडेचार."

"जी वेळ मी दिली होती."

"हो, सिस्टर."

"जी बदलायला तू पंधरा दिवस माझा जीव खाल्लास."

"हो, सिस्टर."

त्यांनी तोंडावर हात दाबला. मग खुर्चीवर बसल्या. मग डोळे पुसले. त्यांना असं हसताना हॉलमधल्या मुलींनीही पाहिलं नव्हतं. एकजण पाणी घेऊन धावली. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आणि बाकीचे सहा?"

"ते पहाटे उठणारेच आहेत. त्यांचं साडेआठलाच."

"आण तो तक्ता." चाचांच्या चौकोनात त्यांनी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: साडेचार. आणि पुढे कंसात: सकाळ.

चौथ्या डोसला चाचा आले ते न्हाऊन, अत्तर लावून, इस्त्रीचा सदरा घालून. फडक्यात या वेळी खारी होती. "पाव मागू नगा," त्यांनी शिरतानाच जाहीर केलं. "माझा दिवस आत्ता उजाडलाय." पन्नास मिनिटांत ते पन्नास सेकंदही गप्प बसले नाहीत. चार नंबरच्या खुर्चीतल्या केमोवाल्या बाईंना त्यांनी पीठ फुगलं की नाही ते बोटानं दाबून कसं ओळखायचं ते शिकवलं. सुई काढताना सिस्टर म्हणाल्या, "चाचा, झोपलेले बरे होता तुम्ही."

तीन आठवड्यांनी, दुपारी साडेतीनला, फोटो. आवटी सरांच्या खोलीत चाचा आणि चाची खुर्च्यांवर, मी आणि सिस्टर भिंतीला. सिस्टरचं तिथं काही काम नव्हतं. चाची पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. सरांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. बोलायला किती वेळ घेतो हा माणूस.

"मोठी गाठ बेचाळीस मिलिमीटर होती," ते म्हणाले. "आता एकोणीस. बारक्या दोन होत्या, त्यातली एक दिसत नाही."

चाचींच्या बोटावरचा पदर सुटला. मग चाचांनी विचारलं, "म्हंजे भट्टी चालू?"

"भट्टी चालू. औषधही चालू."

जैबुन चाची उठल्या आणि सरळ कुरणे सिस्टरच्या गळ्यात पडल्या. सिस्टरनी आधी हात अंतरावर धरले, हातमोजे होते म्हणून, मग तसेच पाठीवर ठेवले.

बाहेर बाकावर चाचांनी मला शेजारी बसवलं. "खरं सांग. तुझ्या वेळेनं झालं का औषधानं?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण चाचा भट्टीचा ताव पारखणारे. "माहीत नाही, चाचा. चार डोस, त्यातला एक चुकीच्या वेळी, तोही माझ्यामुळे. एवढ्यावरून कुणीच काही सांगू शकणार नाही. एका माणसानं काही सिद्ध होत नाही."

"किती मान्सं लागत्यात?"

"शे-दोनशे तरी. रात्री काम करणारी."

"हात्तिच्या!" ते सरसावले. "माझ्या भट्टीवरचीच सहा. पेपरवाले हायेत. यष्टीचे ड्रायव्हर, मार्केट यार्डातले हमाल. शुक्रवारी उभी करतो तुझ्यापुढं."

"तशी नाही चाचा. हाच आजार झालेली लागतात."

ते थांबले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला खारीचा वास होता.

"मग बेटी," ते म्हणाले, "तुझा अभ्यास कधी पुरा न होवो."

याला आता नऊ वर्षं झाली. अभ्यास सुरू आहे. तीन गावांतली रुग्णालयं मिळून आम्ही नोंदी ठेवतो आणि आकडा अजून बराच कमी आहे. आमच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी भरायच्या फॉर्मवर नाव, वय, पत्त्याच्या खाली एक प्रश्न असतो: तुमची सकाळ किती वाजता होते? नवीन लागलेल्या मुली विचारतात, छपाईची चूक आहे का? कुरणे सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा जाताना तो जुना तक्ता घरी घेऊन गेल्या.

गेल्या महिन्यात त्या भागात काम होतं म्हणून मी गल्लीत वळले. दोनला दहा कमी होते. त्या वेळची पोरं मोठी होऊन गेली, नवी आली आहेत; त्यांचाही बॉलर नुसतं बोट वर करतो. गौसभाईंनी स्टूल सरकवलं. आम्ही काही न बोलता बसलो. चाचा एकोणसत्तरचे आहेत. औषध बंद होऊन सात वर्षं झाली आणि भट्टीवर आता ते फक्त ताव बघतात, पण झोपेची वेळ बदललेली नाही.

दोनला एक मिनिट कमी असताना गौसभाईंनी सतार उतरवली आणि स्वतःच्या मांडीवर न घेता माझ्यापुढे धरली.

"आज तुम्ही उठवा," ते कुजबुजले.

मी घड्याळ पाहिलं. सेकंदकाटा बारावर येऊ दिला आणि तार छेडली. स्वर जरा फाटकाच निघाला. पोरं ओरडली, कुठेतरी कुकर झाला, वरची ताडपत्री हलली आणि खिडकीतून चाचांचा आवाज आला,

"कोन हाय गं, एवढ्या सकाळी?"